मार्च महिन्यातली उन्हाची छत्री

रविवारी दुपारी आजीचा फोन आला की टिली रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरायची, आजीचं सगळं बोलणं शहाण्यासारखी मान डोलवत ऐकून घ्यायची आणि मग स्वच्छ, खणखणीत जर्मनमध्ये उत्तर द्यायची. पलीकडे इंग्लंडात, डर्बीशरमध्ये, आजी म्हणजे मॉरीनला त्यातलं एक अक्षर कळायचं नाही. मग म्हणायची, "हो का गं? वा, वा!" त्या 'वा, वा'तला पोकळपणा इकडे जर्मनीत, एस्लिंगनच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत उभ्या असलेल्या ब्रायनीला बरोबर ऐकू यायचा.

त्या रविवारी मात्र मॉरीन 'वा, वा' म्हणाली नाही.

"ब्रायनी, फोन घे. काय म्हणाली ती?"

"अंगणात गोगलगाय सापडली म्हणाली."

"अस्सं. मला वाटलं, फोन ठेव म्हणतेय." मॉरीनने नाक ओढलं. "मी ईस्टरला येते आहे खरी, पण येऊन करू काय? पोरीकडे बघून नुसती हसत बसू? चार वर्षांची एकुलती एक नात, आणि तिच्याशी बोलायला मी दुभाष्या घेऊन हिंडू?"

"तोवर बोलायला लागेल गं."

"नाताळालाही हेच म्हणाली होतीस. तिला विचार तरी, मी कोण आहे तिची?"

ब्रायनीने विचारलं. टिलीने जर्मनमध्ये सांगितलं, "फोनमधली बाई." ब्रायनीने आईला भाषांतर करून दिलं ते असं : "'आजी' असं म्हणाली." ब्रायनी कॉलेजात भूगोल शिकून पुढे शाळेत तोच विषय शिकवून आलेली बाई. इतकं धडधडीत खोटं ती आयुष्यात बोलली नव्हती.

खरी मेख अशी की 'ओमा', म्हणजे तिकडची आजी, हे पद टिलीने आधीच देऊन टाकलं होतं. ते होतं खालच्या मजल्यावरच्या वुर्स्टरबाईंकडे. ब्रायनी दुपारी शिकवण्या घ्यायला जाई तेव्हा वुर्स्टरबाई टिलीला सांभाळत. टिलीच्या पोटातलं सगळं त्यांच्या ओट्यावर ओतलं जाई : कोणी कोणाला चावलं, घरात आईबाबा कशावरून भांडले, बाबांच्या मोज्याला भोक कुठे आहे. ओमापासून लपवलेली अशी एकही गोष्ट नव्हती. आणि घरी? घरी आईबाप तिच्याशी इंग्रजीतच बोलत. बूट घाल, दात घास, दूध संपव, झोप आता. पोरीला सगळं कळे. मनात असेल तर ती ऐकेही. पण तोंडातून निघे ती जर्मनच.

सल्ल्यांना तोटा नव्हता. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, दडपण आणू नका. वुर्स्टरबाई म्हणाल्या, बडीशेपेचा चहा पाजा. एका पुस्तकात लिहिलं होतं की हे आपोआप सुटतं, आणि दुसऱ्यात, की वेळीच लक्ष दिलं नाही तर कधीच सुटत नाही. ब्रायनीचा स्वभाव असा की दोन पुस्तकं असली तर तिला दुसरंच खरं वाटे. नवरा कॉलिन यंत्रांच्या कारखान्यात इंजिनियर. ज्या गोष्टीला स्क्रू नाही तिची काळजी करणं त्याला जमत नसे. तो म्हणे, "होईल गं."

"कधी होईल? ईस्टर आला!"

"मग टीव्ही लाव इंग्रजी," कॉलिन वर्तमानपत्रामागून म्हणाला. त्याला फक्त वर्तमानपत्र शांतपणे वाचायचं होतं. पण संसारात पुरुषाने वर्तमानपत्रामागून बोललेली वाक्यंच पुढे महागात पडतात.

इथल्या टीव्हीवर अमेरिकन शेरीफपासून इंग्लिश लॉर्डापर्यंत सगळे जर्मनच बोलत. मायदेशचे कार्यक्रम हवे तर उपग्रहाकडे तोंड करून बसणारी डिश हवी. आणि डिश म्हटलं की फ्लायडररसाहेब.

त्या इमारतीत सहा बिऱ्हाडं होती आणि सहाही बिऱ्हाडांवर एक फ्लायडररसाहेब होते. नगरपालिकेत जमीनमोजणी करून निवृत्त झालेले. तळमजल्यावर राहत आणि मालकांच्या वतीने इमारतीची व्यवस्था बघत. झाडलोटीच्या आठवड्याची लाकडी पाटी कोणाच्या दारावर केव्हा लटकेल हे तेच पाहत. ज्याच्या दारावर पाटी, त्याने त्या आठवड्यात जिना पुसायचा, फुटपाथ झाडायचा, बर्फ पडला तर उपसायचा. त्या भागातला, म्हणजे श्वाबियन, माणूस चोराला एकवेळ माफ करील, पण दारावर पाटी असताना जिन्याचा कोपरा सोडणाऱ्याला नाही.

ब्रायनी सरळमार्गी बाई. ती आधी रीतसर परवानगी मागायला गेली.

"डिश?" फ्लायडररसाहेबांनी चष्मा काढला. "दर्शनी बाजूला? हार्टलीबाई, आपल्याकडे केबल आहे. भरपूर चॅनेल आहेत."

"हो, पण सगळी जर्मन आहेत."

फ्लायडररसाहेब गोंधळले. यात तक्रार कोणती ते त्यांना खरोखरच कळेना. "हा जर्मनी आहे," ते सावकाश, समजावून सांगितल्यासारखं म्हणाले. "तरी तुम्ही अर्ज करा. घरमालकाची संमती, बाल्कनीचं मापासकट रेखाचित्र, शेजाऱ्यांची हरकत नसल्याचं पत्र जोडा. मालकांच्या सभेत ठेवू. सभा नोव्हेंबरात."

"पण ईस्टर एप्रिलात आहे!"

"ते बदलणं माझ्या हातात नाही," फ्लायडररसाहेब म्हणाले. असतं तर त्यांनी केलं असतं, असंही त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

जिन्यात भेटले सर्वांत वरच्या मजल्यावरचे तुर्गुत देमिर्जी. त्यांची गावात गाडी शिकवायची शाळा होती. हातात पावांची पिशवी, आणि कान अर्थातच उघडे.

"ताई, परवानगी मागितलीत?" ते हळूच म्हणाले. "अरेरे! सिग्नल लाल आहे का, हे पोलिसाला विचारायचं नसतं. तो 'हो'च म्हणणार."

देमिर्जींनी तुर्की चॅनेलांसाठी सात वर्षं लढा दिला होता. वकील केला, सभेत भाषण केलं, माहिती मिळणं हा माणसाचा हक्क आहे हे पटवून शेवटी जिंकले. "आणि ज्या महिन्यात जिंकलो त्या महिन्यात धाकटा मुलगा घर सोडून बर्लिनला गेला. आता बघणार कोण? मी दिवसभर पोरांना क्लच शिकवतो आणि घरी येऊन झोपतो. डिश तळघरात पडलीय, घेऊन जा. पण ताई, पकडल्या गेलात तर मी तुम्हाला ओळखत नाही. जिन्यात नमस्कार करीन, तेवढंच."

"पण लपवायची कशी?"

"भिंतीला भोक नाही, म्हणजे गुन्हा नाही. रस्त्यावरून दिसत नाही, म्हणजे डिशच नाही." गाडी शिकवणारा माणूस इतक्या ठामपणे बोलतो की समोरच्याला आपोआप सीटबेल्ट लावावासा वाटतो. ब्रायनीने मान डोलावली.

कॉलिनने हिशेब केला. डिश कठड्याच्या आत ठेवली तर समोरचं अक्रोडाचं झाड आड येतं. म्हणजे ती हातभर वर हवी. भिंतीत ठोकायची नाही, म्हणजे टबात काँक्रीट भरून त्यात खांब रोवायचा. आणि वर काढलेली डिश दिसू नये म्हणून तिच्यापुढे तिरकी करायची ती उन्हाची मोठी, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची छत्री. कापडातून लहरी आरपार जातात, असं कॉलिन म्हणाला. काँक्रीटने भरलेला टब उचलणं शक्य नाही हे ओळखून त्याने सिमेंट कोरडंच बाल्कनीत नेलं आणि तिथे कालवलं. या चतुराईबद्दल त्याने स्वतःची पाठ थोपटून घेतली. आत नेता न येणारी वस्तू बाहेरही काढता येत नाही, हा त्याच हिशेबाचा दुसरा भाग. तो त्याने केला नाही.

शनिवारी दुपारी फ्लायडररसाहेब कुत्र्याला घेऊन नदीकडे गेलेले पाहून दोघांनी मोहीम काढली. कॉलिन बाल्कनीत ओणवा, ब्रायनी टीव्हीसमोर गुडघ्यांवर, हातात होकायंत्र. मोठ्याने बोलायची सोय नव्हती. खाली वुर्स्टरबाई होत्या.

"आलं?" बाहेरून कुजबुज.

"नुसत्या मुंग्या."

"आता?"

"कॉलिन, कांदा! कोणीतरी कांदा चिरतंय!"

"इंग्रजीत?"

"अरबीत."

"मग आपला नव्हे तो. केसभर डावीकडे घेतो."

कांदा गेला. एक घोडा आला, तोही गेला. आणि मग एकाएकी, शेजारच्या खोलीतून यावा तसा, एक दमलेला, सभ्य, ओळखीचा आवाज आला : उत्तरेकडून पावसाच्या सरी, डोंगराळ भागात दिवसभर भुरभुर. ब्रायनी गालिच्यावर बसली ती बसलीच. आयुष्यभर जिच्या नावाने तिने बोटं मोडली त्या भुरभुरीची बातमी ऐकताना तिचे डोळे भरून आले. कॉलिन काचेतून खुणा करत होता, आलं का, आलं का? आणि ती नुसती मान हलवत होती. तो बिचारा त्यातून 'नाही' समजून डिश पुन्हा हलवणार, तेवढ्यात तिने काचेवर थाप मारली.

दुसऱ्या दिवसापासून टिलीला दाखवायचा कार्यक्रमही सापडला. दीपगृह सांभाळणारं एक बदक आणि त्याच्या हाताखालचा आळशी खेकडा. टिली तोंडात अंगठा घालून शेवटपर्यंत उभी राहिली. ब्रायनीने श्वास रोखला. कार्यक्रम संपला. टिलीने अंगठा काढला आणि जर्मनमध्ये म्हणाली, "परत लाव."

मग सुरू झालं ते जगणं. जिन्यात पाऊल वाजलं की आवाज बंद. खाली दार उघडलं की पडदा ओढ. कॉलिन कामावरून आला की दारातच दबक्या आवाजात विचारी, "कोणी काही म्हणालं?" ब्रायनी तितक्याच दबक्या आवाजात सांगे, "फ्लायडरर वर बघत होता. दोनदा." "छत्रीकडे, की छत्रीच्या मागे?" "ते काय मी जाऊन विचारू?" आणि सगळ्यांत मोठा धोका तर घरातच हुंदडत होता. म्हणून ब्रायनीने टिलीला मांडीवर घेतलं, तिच्या कानाला तोंड लावलं आणि इंग्रजीत म्हणाली, "छत्रीखाली काय आहे, ते आपलं तिघांचं गुपित. कोणाला सांगायचं नाही. ओमालासुद्धा नाही. कळलं?"

टिलीने आईकडे असं पाहिलं, जणू ही बाई आपल्याला आज पहिल्यांदाच भेटते आहे. बूट-दात-दुधाच्या पलीकडचं काही आई आजवर बोललीच नव्हती.

डिश लपली, पण छत्री कशी लपावी? मार्च महिना, बोचरा वारा, सगळ्या गावाच्या बाल्कन्या रिकाम्या. आणि दुसऱ्या मजल्यावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांची उन्हाची छत्री, सकाळ-संध्याकाळ उघडी! तिसऱ्या दिवशी वुर्स्टरबाई मसुराचं सूप घेऊन वर आल्या. दोन वर्षं पोर सांभाळूनही त्यांनी अहो-जाहो सोडलं नव्हतं. 'अगं' म्हणायची परवानगी तिकडे वडीलधाऱ्याने समारंभाने द्यायची असते, आणि वुर्स्टरबाई घाईतल्या नव्हत्या.

"हार्टलीबाई, मनमोकळं बोला. तुम्हाला घरची आठवण येते का?"

"येते की. का हो?"

"माझ्या बहिणीलाही असंच झालं होतं. ती जानेवारीत पोहायचा पोशाख घालून बसायची. ऊन न मिळाल्याने होतं ते. चांगल्या डॉक्टरीणबाई आहेत ओळखीच्या." त्यांनी बाल्कनीच्या पडद्याकडे डोळे वळवले. ब्रायनी झटकन मध्ये आली. वुर्स्टरबाईंनी तिचा हात दाबला. "लाजू नका. घरात कोणाला सांगणार नाही."

तिकडे 'घर' म्हणजे अख्खी इमारत. संध्याकाळपर्यंत इमारतीला कळलं की हार्टलीबाईंच्या मनाचं काही खरं नाही. सगळे जिन्यात तिच्याशी हळू आवाजात आणि सोपे शब्द वापरून बोलू लागले. देमिर्जींनी तर ठरल्याप्रमाणे फक्त नमस्कार केला, पण तोही दोन्ही हातांनी. ब्रायनीला वाटलं, ओरडून सांगावं : मी वेडी नाही हो, मी गुन्हेगार आहे! पण शहाणपण सिद्ध करायचं तर छत्री मिटावी लागणार, आणि छत्री मिटली की डिश उघडी. तेव्हा तिने वेड पत्करलं. पदवीधर बाईला हे किती लागतं, ते पदवीधर बाईच जाणे.

एवढं सोसून फळ काय? शून्य. टिली रोज बदक बघे आणि बदकाबद्दल जर्मनमध्ये बोले. मॉरीनचा फोन आला, तिने तिकीट काढल्याचं सांगितलं. "मी तिच्यासाठी स्वेटर विणलाय. 'आवडला' एवढं तरी म्हणेल ना गं?" ब्रायनी म्हणाली, "म्हणेल." फोन ठेवला आणि ती छत्री आणखी तिरकी करायला बाल्कनीत गेली.

ईस्टरच्या आठवड्यात, सगळ्यांनी लोकरीचे कपडे धुऊन पेट्यांत घातल्यावर, एस्लिंगनवर बर्फ पडलं. सकाळी टीव्ही लावला तर पडद्यावरही तेच. छत्रीवर ओला बर्फ साचला होता आणि त्यातून लहरी आरपार जाईनात. टिली रिकाम्या पडद्यासमोर अंगठा चोखत उभी. आदल्याच दिवशी बदकाच्या गाण्याला तिचे ओठ हलल्यासारखे वाटले होते, म्हणजे ब्रायनीने शपथेवर सांगितलं असतं की हलले. अशा ऐन वेळी एक दिवस बुडवायचा? ब्रायनीने केरसुणी घेतली, बाल्कनीत गेली आणि छत्रीला खालून सणसणीत ठोसा दिला.

बर्फाची अख्खी लादी छत्रीवरून घसरली, कठडा ओलांडून गेली आणि खाली फुटपाथवर धप्पकन पडली.

खाली कोण होतं? त्या आठवड्यात पाटी कोणाच्या दारावर होती? फ्लायडररसाहेब नुकताच संपूर्ण फुटपाथ उपसून, झाडून, कडा सरळ करून, दोन पावलं मागे सरून आपल्या कामाकडे पाहत होते. लादी त्यांच्या पुढ्यात पडली. अंगावर नाही. अंगावर पडली असती तर त्यांनी कदाचित हसण्यावारी नेलं असतं.

त्यांनी वर पाहिलं. ब्रायनीने केरसुणी पाठीमागे लपवली.

"सुप्रभात, हार्टलीबाई," ते म्हणाले. आवाज अगदी शांत. "शनिवारी अकराला मी वर येतो. सणाआधी त्या छत्रीचा एकदा निकाल लावू. वुर्स्टरबाईही असतील, साक्षीला."

शनिवारी अकरा! मॉरीनचं विमान शनिवारी दहाला उतरणार होतं.

"काढून टाकू डिश," त्या दिवशी जेवताना कॉलिन कुजबुजला.

"कशी? बोल्ट गंजून बसलेत, टब तुझ्या आजोबांनाही हलवता येणार नाही. आणि तिचे ओठ हललेत कॉलिन!"

"ती पाव खात होती."

"पाव खाताना असे हलत नाहीत!"

"मग घरातून काढतील आपल्याला. हा आपला दुसरा गुन्हा आहे. पहिला रविवारच्या सक्तीच्या शांततेत गालिचा झटकल्याचा."

"हळू बोल," ब्रायनी म्हणाली. दोघांनी जिन्याकडे कान लावले. टिलीही घास तोंडात तसाच ठेवून, भुवया उंचावून, जिन्याकडे कान लावून बसली होती. पण तेव्हा तिच्याकडे पाहायला कोणाला सवड होती?

शनिवारी कॉलिन विमानतळावर गेला. जाताना म्हणाला, "ताणून धर. तुझी आई आली की तिला चक्कर आल्याचं सांगू." अकराला, म्हणजे बरोबर अकराला, घंटा वाजली. दारात फ्लायडररसाहेब कोट घालून उभे होते. त्यांच्या मागे वुर्स्टरबाई, हातात ईस्टरचा गोड पाव, कारण साक्षीला यायचं म्हणून रिकाम्या हाताने का यायचं?

"छत्री मिटावी, एवढंच म्हणणं आहे," फ्लायडररसाहेब म्हणाले. "वाऱ्याने उडाली तर माणूस मरेल. मी स्वतः मिटतो. एक मिनिटाचं काम."

"ती... अडकली आहे," ब्रायनी दाराच्या चौकटीत दोन्ही हात ताणून उभी राहिली. "गंजली आहे. नवरा आला की बघेल."

"मग मी तेल आणतो."

"नको! टिली झोपली आहे."

त्याच क्षणी टिली आईच्या कोपराखालून डोकं काढून बाहेर आली. अंगात बालवाडीचा अंगरखा, केस विंचरलेले, टक्क जागी. फ्लायडररसाहेबांनी घड्याळात पाहिलं. ब्रायनीने जमिनीकडे. आणि खालून जिन्यात बॅगेची चाकं आपटल्याचा आवाज आला, कॉलिनचा खोकला आला, आणि त्यामागोमाग धापा टाकत, हिरवी टोपी घातलेली मॉरीन वळणावर दिसली. तिने वर पाहिलं तर दारात परकी माणसं आणि त्यांच्या मध्ये तिची नात.

वुर्स्टरबाई मात्र टिलीकडेच बघत होत्या. त्या वाकल्या, तिच्या गालाला हात लावला. "चिमणे, ओमाला सांग बघू. तुझी मम्मी त्या छत्रीला हात का लावू देत नाही? काय आहे तिच्याखाली?"

'ओमा' हा एक शब्द मॉरीनलाही समजला. वळणावर ती थांबली. विणलेल्या स्वेटरची पिशवी तिने छातीशी धरली आणि दुसऱ्या बाईच्या हातातला आपल्या नातीचा गाल पाहत राहिली. ब्रायनीला तिचा चेहरा दिसला आणि क्षणभर डिश, फ्लायडरर, घर सगळं विसरायला झालं. पण दुसऱ्याच क्षणी आठवलं : टिली ओमापासून काही लपवत नाही. आता ही तोंड उघडणार. आणि उघडणार तेही जर्मनमध्ये, म्हणजे एकाच वाक्यात घरही जाणार आणि आईही.

टिलीने ओमाकडे पाहिलं. ओठ उघडले. मिटले. ओमाच्या हातातल्या गोड पावाकडे पाहिलं. कपाळाला आठी घातली. जिन्यात एवढी शांतता की वरच्या मजल्यावर देमिर्जी दाराला कान लावून श्वास घेत होते तोही ऐकू यावा.

मग टिली सावकाश आईकडे वळली, भुवया उंचावल्या, तोंडाला हाताचा आडोसा केला, आणि साऱ्या जिन्याला ऐकू जाईल अशा कुजबुजीत, खणखणीत इंग्रजीत म्हणाली,

"मम्मी, ओमाला सांगायचं नाही ना, की आपल्याकडे डिश आहे?"

ब्रायनीने खाली बसकण मारली. "काय म्हणालीस? टिली, परत म्हण!"

टिलीला वाटलं, आई बहिरी झाली. ती आणखी मोठ्याने कुजबुजली. "डिश! छत्रीखालची! गुपित आहे ना ते? मी त्या टोपीवाल्या बाईला पण सांगणार नाही."

"आई, ऐकलंस? ऐकलंस का गं?" ब्रायनी जिन्याकडे बघून ओरडली. हसत होती की रडत होती, ते तिचं तिला कळत नव्हतं. ते वाक्य बदकाचं नव्हतंच. तो आडोसा, त्या भुवया, तो दबका सूर, सगळं तिचं स्वतःचं आणि कॉलिनचं होतं. महिनाभर दोघं स्वयंपाकघरात चोरांसारखी बोलत होती आणि पोरगी बसून शिकत होती.

फ्लायडररसाहेबांनी घसा खाकरला. "हार्टलीबाई, मी शाळेत पाच वर्षं इंग्रजी शिकलो आहे."

"आहे!" ब्रायनी उठून उभी राहिली. "आहे, डिश आहे! या ना, बघायला या! चांगली मोठी आहे, काँक्रीटमध्ये रोवलीय!" तिने त्यांचा हात धरून त्यांना घरातून ओढत नेलं, बाल्कनीचं दार उघडलं, छत्री स्वतः मिटली. उघड्या पडलेल्या डिशसमोर साहेब हात मागे बांधून उभे राहिले. इतक्या आनंदाने गुन्हा कबूल करणारं माणूस त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत आलं नव्हतं. त्यांना संशय आला की यात आणखी काही डाव असावा.

"सोमवारी... नाही, सोमवारी सण आहे. मंगळवारी दुपारपर्यंत ही इथे दिसता कामा नये," ते म्हणाले.

"नाही दिसणार!"

"आणि हा टब."

"तोही!"

"कसा?" बॅग घेऊन आलेल्या कॉलिनने क्षीणपणे विचारलं. त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

वुर्स्टरबाई पाव घेऊन अजून दारातच होत्या. "म्हणजे तुम्हाला ऊन कमी पडलेलं नाही?" त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात सुटकेपेक्षा किंचित निराशाच जास्त होती. मग त्यांनी बाल्कनीपाशी जाऊन हळूच फ्लायडररसाहेबांना विचारलं, "पोरगी काय म्हणाली हो नेमकं?" साहेबांनी सांगितलं. ऐकून वुर्स्टरबाईंनी पाव मेजावर ठेवला आणि म्हणाल्या, "माझ्यापासून लपवायला शिकली म्हणजे मोठी झाली."

मॉरीन गुडघ्यांवर हात टेकून टिलीसमोर बसली. टोपीसुद्धा काढली नव्हती. "आणि काय काय येतं गं तुला बोलायला?"

टिलीने तिला नीट न्याहाळलं. फोनमधला आवाज या बाईतून येत होता आणि ही बाई गुपितांच्या भाषेत बोलत होती. म्हणजे आपल्यातलीच. तिने जिन्याकडे पाहिलं, ओमाकडे पाहिलं, बाल्कनीतल्या साहेबांकडे पाहिलं. मग मॉरीनची टोपी वर सरकवली, तिच्या कानाला तोंड लावलं आणि कुजबुजायला लागली. कुजबुजतच राहिली. मॉरीनचे डोळे आधी मोठे झाले, मग बारीक झाले, मग तिने हात तोंडावर धरला आणि तिचे खांदे गदगदा हलू लागले.

"काय सांगतेय ती?" ब्रायनी पुढे आली. "आई, काय म्हणतेय?"

मॉरीनने एक बोट वर करून तिला तिथेच थांबवलं, पुढचं पूर्ण ऐकून घेतलं, आणि मग अंगावरचा कोट सावरत, फार वर्षांनी मिळालेल्या मानाने म्हणाली,

"तुला नाही सांगता येणार, ब्रायनी. आमच्या दोघींतलं आहे ते."